सगळं लाल आहे!

"अगं मावशी, यात डोकं लावायचंच नाही! तू नाव टाकलंस की चौकट आपोआप लाल होते. लाल म्हणजे वेळ गेली, पांढरी म्हणजे मोकळी. झालं!" दातांच्या डॉक्टरांनी कॉम्प्युटरवरचा तक्ता दाखवत सांगितलं.

मावशी म्हणजे त्यांची सख्खी मावशी. नव्या दवाखान्यात पेशंटना वेळा देण्याचं काम तिच्याकडे. पेशंट मात्र औषधालाही नव्हते. सासरेबुवा दातांचेच डॉक्टर. त्यांनी बजावलं होतं, "महिनाअखेर गर्दी दिसली नाही, तर कुलूप लावा आणि माझ्या हाताखाली बसा." नुसत्या विचारानेच जावईबापूंना घाम फुटायचा.

आता मावशी पडली कमालीची टापटीप. कोरी चौकट तिला बघवेना. डॉक्टर घरी गेल्यावर तिने महिनाभराच्या प्रत्येक मोकळ्या चौकटीत 'रिकामं' असं टाइप करून टाकलं. तक्ता भराभर लाल झाला.

"आता कसं भरल्यासारखं वाटतंय!" ती म्हणाली.

सकाळी डॉक्टरांनी मोबाइलवर तक्ता उघडला. अक्षरं मुंगीएवढी, पण रंग? लालेलाल! तेवढ्यात फोन.

"डॉक्टर, दाढ ठणकतेय हो, आज येऊ का?"

"आज? अहो, महिनाभर जागा नाही!"

हे वाक्य बोलायला इतकं गोड वाटलं, की पुढचा प्रत्येक फोन त्यांनी असाच परतवला. दवाखान्यात मात्र चिटपाखरू नाही.

"मावशी, आता कोण आहे?"

"कोणी नाही."

"हाही आला नाही? आणि पुढचा?"

"पुढेही कोणी नाही."

"काय माणसं आहेत! वेळ घेऊन ठेवतात आणि फिरकत नाहीत!"

इकडे गावभर झालं, महिनाभर जागा नाही म्हणजे डॉक्टर भारीच असणार. ज्यांचं काही दुखत नव्हतं त्यांचंही दुखायला लागलं. दुसऱ्या दिवशी दारात ही रांग! "कोणी आलं नाही तर आम्हाला घ्या," म्हणून सगळे हटून बसले. तक्त्यातलं कोणी येईना, तेव्हा डॉक्टर एकेकाला आत घेऊ लागले.

महिनाअखेर सासरेबुवा आले ते गाल धरूनच. दाढ सुजलेली, आणि स्वतःची दाढ स्वतः कशी उपटणार?

"ओ काका, रांगेत या!" लोक ओरडले.

"अहो, मी सासरा आहे त्यांचा!"

"सासरे आम्हालाही आहेत! ते घरी बसतात!"

शेवटी नंबर लागला, दाढ निघाली. कापूस चावत ते मावशीच्या टेबलापाशी टेकले, चष्मा लावून तक्ता वाचू लागले. रिकामं. रिकामं. रिकामं. त्यांनी मावशीकडे पाहिलं.

"एकही चौकट कोरी ठेवलेली नाही मी," मावशी ताठ मानेने म्हणाली.

डॉक्टर भीतभीत बाहेर आले. "बाबा, खरं सांगतो. ही सगळी रांगेतली माणसं. तक्त्यातला एकही पेशंट महिनाभरात आला नाही. लावू का कुलूप?"

सासरेबुवांनी कापूस काढला.

"छे हो! तुम्ही इथेच राहा. उद्यापासून फक्त या मावशींना माझ्याकडे पाठवा."