पंख्याच्या रेकॉर्डमधला बुवा

"मेल्या, पावणे यायच्या टायमाक तरी त्या बुवाक गप कर!" जानकीबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या. "कोण मेला त्याचा, म्हणान इतको कण्हता तो?"

"आई, कण्हत नाहीये, गातोय. रॉक आहे ते," सिद्धेश म्हणाला आणि आवाज थोडा वाढवला.

लोडशेडिंग नावाच्या, मुंबईतल्याच चार टाळक्यांच्या बँडची ती 'टेबलफॅन' नावाची रेकॉर्ड. निघाली गेल्याच वर्षी, पण थाट सगळा पन्नास वर्षांपूर्वीचा. केशरी-तपकिरी कव्हर, त्यावर नुसता एक टेबलफॅन, कलाकारांचे फोटो नाहीत, खरी नावंही नाहीत. 'गायन : मुंगूस' एवढंच. हीच गाणी मोबाइलवर फुकट ऐकता येत होती, पण तसं कुणी सुचवलं की सिद्धेश परब मनापासून दुखावला जाई. मोबाइलवर रॉक ऐकणं म्हणजे फोटोतला मोदक चाटणं, असं त्याचं ठाम मत होतं. त्याने मामाच्या माळ्यावरून जुना रेकॉर्ड प्लेअर आणला आणि साकीनाक्याच्या एका गाळ्यात दुरुस्त करून घेतला. वेग बदलायचा खटका सारखा सटकत होता, तो कारागिराने एम-सील लावून जागच्या जागी बसवून दिला. "अब जिंदगीभर नहीं हिलेगा," असं छातीठोक आश्वासनही दिलं.

तेव्हापासून मरोळच्या त्या वन-बीएचकेमध्ये रोज एक जाडजूड पुरुषी आवाज घुमू लागला. ड्रमवाला प्रत्येक ठोक्याआधी परवानगी काढून येतोय, असं वाटे. शब्द तर एकही कळत नसे. पण जुन्या काळी लोकांना वेळ भरपूर होता, त्यामुळे जुन्या वळणाचं रॉक असंच संथ असणार, हे सिद्धेशने केव्हाच ठरवून टाकलं होतं. ऐकताना त्याचे डोळे भरून येत.

आणि या रेकॉर्डनेच त्याचं भलं केलं होतं. लग्नाच्या साइटवर आवडीनिवडींत त्याने 'टेबलफॅन' लिहिलं आणि मुलुंडच्या श्रुतिका सामंतने स्वतःहून मेसेज केला. एरवी सात ठिकाणांहून "कळवतो" ऐकून बसलेला हा प्राणी. पहिल्या भेटीत तिने विचारलं होतं, "त्यातला आवाज कसा वाटतो तुला?" सिद्धेश म्हणाला, "त्या आवाजासाठी जीव देईन मी." त्यावर ती चक्क लाजली होती. का लाजली ते त्याला कळलं नव्हतं, पण ती त्याला अशी काही आवडली की ऑफिसात तो पासवर्ड विसरू लागला. आज ती आईवडिलांना, म्हणजे माणिकताई आणि मधुकररावांना, घेऊन घर बघायला येणार होती. हे स्थळ हातचं गेलं तर आपलं काही खरं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पाहुणे आले. घर बघून झालं, म्हणजे वळायला जागा नसल्याने लगेचच झालं. घावणे-चटणी समोर आली आणि सिद्धेशने विषय काढला.

"काका, तुम्ही ऐकलाय हा अल्बम?"

"ऐकलाय म्हणजे... घरात वाजतच असतो," मधुकरराव बायकोकडे बघत म्हणाले.

"मग सांगा, काय तो मुंगूस! मला तर डोळ्यांपुढे दिसतो. पंचेचाळिशीचा गडी, दाढी वाढलेली, दिवसाला दोन पाकिटं सिगरेट. बायको सोडून गेलेली."

माणिकताईंना जोराचा ठसका लागला. "अहो, अजून लग्नच कुठे झालंय!"

"काकू, तुम्ही ओळखता त्याला?"

"तोंडओळख आहे," मधुकरराव घाईघाईने म्हणाले.

श्रुतिकाच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं होतं. "सिद्धेश, त्यातल्या 'गच्ची' गाण्यावर तू कधी नाचलायस का?"

"नाचायचं? अगं, बाप गेल्याचं गाणं आहे ते!"

"पापडांचं गाणं आहे ते. गच्चीवरचे पापड कावळ्यांनी पळवले त्याचं."

"पापड?"

"पापड. उडदाचे."

सिद्धेशला घाम फुटला. ज्या गाण्यावर तो सहा महिने टिपं गाळत होता, त्यात पापड आले कुठून? श्रुतिकाने पर्स मांडीवर घेतली. "खरं सांग हं. तू ऐकलायस तरी का? की माझ्यावर छाप पाडायला थापा मारल्यास?"

"थापा? आत्ता लावतो, तूच ऐक!"

त्याने सुई टेकवली. तो भारदस्त आवाज खोलीभर पसरला. माणिकताईंनी पदर तोंडाला लावला. मधुकररावांनी मुलीकडे असं पाहिलं, जणू ही घशाचं काही दुखणं तर लपवत नाही ना! श्रुतिका उठून प्लेअरवर वाकली.

"अरे देवा! ही हळू फिरतेय. ही पंचेचाळीसच्या स्पीडवर लावायची असते, तू तेहतीसवर लावलीयस. लेबलवर एवढा मोठा आकडा छापलाय!"

"तो स्पीड आहे होय?" सिद्धेश पुटपुटला. "मला वाटलं, गायकाचं वय."

मधुकररावांनी खटका ओढला, मग चमच्याने ओढला, मग चमचा वाकला. एम-सीलने दिलेला शब्द पाळला होता. शेवटी श्रुतिकाने मोबाइल काढला आणि सिद्धेशने आयुष्यात पहिल्यांदा ते गाणं मोबाइलवर ऐकलं. एक चुरचुरीत बायकी आवाज उड्या मारत आला, कावळ्यांना शिव्या घालत, पापड मोजत निघूनही गेला.

"ही कोण बाई?" सिद्धेशने विचारलं.

"मी," श्रुतिका म्हणाली. "मुंगूस म्हणजे मी."

सहा महिने ज्याच्यासाठी आपण जीव द्यायला तयार होतो तो बुवा म्हणजे मघाशी समोर बसून घावणे खाणारी ही मुलगी होती, आणि तिलाच आपण तिच्या आईवडिलांदेखत दोन पाकिटं ओढायला लावली.

"तू न सांगता ओळखतोस का बघायचं होतं मला," ती म्हणाली. "जाऊ दे. आता खरं गाणं ऐकलंस ना? कसं वाटलं?"

मधुकररावांच्या मागे उभ्या राहून जानकीबाईंनी हातवारे सुरू केले. 'छान म्हण मेल्या, छान म्हण,' असं त्यांचे ओठ सांगत होते. सिद्धेशलाही तेच म्हणायचं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण या एका बाबतीत खोटं बोलणं त्याला जमेना.

"चांगलं आहे," तो म्हणाला. "पण मला माझंच आवडतं. यात फार घाई आहे गं. पापड गेल्याचं दुःखच होत नाही."

जानकीबाईंनी कपाळावर हात मारला. "चला, निघू या," म्हणत मधुकरराव उठले. माणिकताई चप्पल शोधू लागल्या. सिद्धेश खाली मान घालून वाकडा चमचा सरळ करत बसला. वाट लागली होती, आणि ती त्याने स्वतः लावली होती.

"बाबा, बसा," श्रुतिका म्हणाली. तिचा आवाज जरा बदलला होता. "मी हे गाणं बांधलं ना, तेव्हा असंच हळू होतं. ते उदासच होतं. बाकीचे तिघं म्हणाले, पळव यार, वरातीत वाजलं पाहिजे. सगळ्यांना तेच आवडलं. मी एकटीच म्हणत बसले होते की माझं गाणं कुठे गेलं." ती सिद्धेशकडे वळली. "परत लाव. पहिल्यापासून."

सिद्धेशने सुई पुन्हा टेकवली. मधुकररावांनी डोळे मिटून मांडीवर ताल धरला. कडवं संपलं तेव्हा माणिकताईंनी हळूच डोळे टिपले. पापड खरोखरच गेले होते.

"म्हणजे पसंत ना गो?" जानकीबाईंनी धीर करून विचारलं.

"पसंत, काकू," श्रुतिका म्हणाली.

सिद्धेशला आनंद झाला, पण उलगडा काही होईना. आपण तिला पसंत पडलो, की आपला बिघडलेला प्लेअर? आणि आपण लग्न करणार ते हिच्याशी की त्या बुवाशी? त्याने विचारायला तोंड उघडलं.

"श्रुतिका, खरं सांगायचं तर..."

जानकीबाईंनी झेप घेऊन अख्खा पेढा त्याच्या तोंडात कोंबला आणि वरून तळहात दाबून धरला. "त्याका काय बोलूचा नाय," त्या व्याह्यांना म्हणाल्या, "तारीख तेवढी तुम्ही सांगा."