सपकाळांची आजची टिप

"माउसवरचा हात काढा आधी!"

सपकाळ भाऊ गरजले, आणि ऑडिटला आलेल्या पाहुण्यांनी एक सोडून दोन्ही हात वर केले. बिचाऱ्यांनी एक ओळ कॉपी करायला माउस धरला होता, एवढाच गुन्हा. "कंट्रोल दाबा, सी दाबा. डावा हात काय देवानं वडापाव धरायला दिलाय?" पाहुण्यांनी मुकाट्यानं डाव्या हातानं कॉपी केली आणि आमचं ऑडिट पास करून टाकलं. घाबरून असेल.

आमच्या चाकणच्या कंपनीत प्रेसवर गाड्यांचे पत्र्याचे पार्ट निघतात. दिनकर सपकाळ तिथे डिस्पॅचला. मूळचे मावळातले, आवाज असा की इथे खोकले तर देहूरोडच्या फौजेनं मोर्चेबांधणी करावी. लोक सकाळी उठून पंचांग बघतात, हा माणूस एक्सेलमध्ये रात्रीतून काय बदललं ते बघायचा. कंपनीच्या बसमध्ये मोशीला सुरू झालेलं फिल्टरचं पुराण चाकणपर्यंत पुरायचं, आणि मोशी ते चाकण या ट्रॅफिकमध्ये माणसाचं बारसं आणि मुंज दोन्ही उरकतं. आपण काही बोलायला गेलो की, "ते जुनं झालं राव."

पुतणीच्या लग्नात त्यांनी पाहुण्यांच्या यादीतली डबल नावं एका बटणात उडवून दाखवली. नवऱ्या मुलाचे एकाच नावाचे दोन मामा होते. एकाला ताट मिळालं, दुसरा अजून बोलत नाही.

रोज सकाळी ऑफिसच्या ग्रुपवर 'आजची टिप' पडायची. आम्ही अंगठा दाखवून मोकळे. साहेबांनी तर ग्रुप म्यूटच करून ठेवला होता.

ग्रुपमध्ये शैलाताई पण होत्या. लातूरकडच्या. लाइनवर असताना प्रेसनं त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली. कंपनीनं मोठ्या मनानं लाइट ड्युटी दिली: कॉम्प्युटरवर बसा, रोजचा रिजेक्शनचा, म्हणजे बाद मालाचा, रिपोर्ट काढा. मोठ्या मनाला अट होतीच. बाकीच्यांच्या स्पीडनं काम जमलं तर खुर्ची, नाही तर हिशोब घेऊन घरी. घरात कमावणाऱ्या त्या एकट्या. माउस त्यांच्या हातातून निसटायचा, आणि हे सगळ्या ऑफिसला दिसायचं.

एकदा कँटीनमध्ये मी सपकाळांना धरलं. तुमच्या झाडून सगळ्या टिपा डाव्या हाताच्या. शिकवायचं तर त्या बाईंना एकटीला शिकवा, आमचं डोकं कशाला खाता?

आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस हळू बोलला. "एकटीला शिकवलं तर साहेबाला कळंल, तिला येत न्हाई. समद्यांना शिकवलं की फकस्त मी येडा ठरतो. तेवढं परवडतं."

आणि बाई शिकल्या. डावा हात तबल्यावर पडावा तसा कीबोर्डवर पडायला लागला. एक दिवस त्या आमच्या सगळ्यांच्या आधी रिपोर्ट टाकून डबा उघडून बसल्या, तर सपकाळांनी ऑफिसभर पेढे वाटले. कशाचे विचारलं, तर म्हणे नवीन व्हर्जन आलंय.

ते खरंच आलं. त्यात एक बटण होतं: डेटा द्या, दाबा, अख्खा रिपोर्ट तयार, आलेखासकट. ताईंच्या बोटांचे कष्ट वाचतील म्हणून सपकाळांनी हरखून लांबलचक टिप लिहिली. वर लिहिलं, 'चुकत नाही, मी तपासलंय.'

साहेबांनी आजवर वाचलेली ती एकमेव टिप.

मीटिंगमध्ये सपकाळांसाठी टाळ्या झाल्या. टाळ्या थांबायच्या आत साहेबांनी विचारलं, मग त्या बाई दिवसभर करतात काय?

सपकाळ केबिनमध्ये गेले. काचेच्या दाराबाहेर आम्ही कान लावून उभे होतो, कान लावायची गरज नव्हती तरी. बटण चुकतं, ते ओरडत होते, भरवसा ठेवू नका, माणूस लागतोच. साहेबांनी फोन पुढे केला. "तुम्हीच लिहिलंय ना, सपकाळ, चुकत नाही म्हणून?" सपकाळ बाहेर आले आणि सरळ आपल्या टेबलाशी जाऊन बसले.

महिनाअखेर शैलाताईंचा हिशोब झाला. निघताना त्या सगळ्यांच्या टेबलाशी थांबल्या. सपकाळांना म्हणाल्या, "तुम्ही शिकविलेलं वाया नाही जायचं बघा भाऊ. लेकीला शिकविते आता." भाऊंनी मान हलवली.

पुढच्या अपडेटला सगळं जागचं हललं. प्रिंटचं बटण कुणाला सापडेना, साहेबांनाही नाही. अख्खं ऑफिस सपकाळांच्या टेबलाभोवती गोळा झालं. ते शांतपणे गेटपासवर शिक्के मारत होते.

मी विचारलं, "भाऊ, काय काय बदललंय या वेळी?"

"बघितलं नाही," ते म्हणाले.