वेदरकोट बागेतील निळ्या ताटव्याचा दाखला

वेदरकोट हॉलच्या बागेत दक्षिण भिंतीलगत असलेला हायड्रेंजियाचा ताटवा एकशे चाळीस वर्षे निळा होता. गेल्या वर्षी मे महिन्यात तो गुलाबी होऊ लागला. बाब गंभीर होती. बागेकडे ‘ऐतिहासिक निळा ताटवा’ असा दाखला होता, आणि तो रद्द झाल्यास मुख्य माळी टकवेल यांना फाटकाजवळचे घर सोडावे लागणार होते. त्या घरात ते तीस वर्षे राहत होते.

मी निवृत्त मृदाशास्त्रज्ञ. दर मंगळवारी या बागेत विनावेतन तण उपटतो. मी माती तपासली. हे फूल आम्ल मातीत निळे राहते, अल्कधर्मी मातीत गुलाबी होते. नमुन्यांत दहनानंतरची मानवी राख आढळली, आणि राख अल्कधर्मी असते. प्रमाण पाहता, अंदाजे साठ गृहस्थ.

“तरीच,” टकवेल म्हणाले, “या बाया थर्मास घेऊन येतात आणि चहा एकीच्याही तोंडाला लागत नाही.”

बागेच्या समितीने फलक लावला : ‘येथे दिवंगतांची राख टाकू नये.’ तोवर ज्यांना ही कल्पना सुचली नव्हती, त्यांनाही ती सुचली. जूनमध्ये गर्दी दुप्पट झाली. तेव्हा समितीने बंदी उठवून नियमन आणले : अर्ज तीन प्रतींत, दिवंगताची संमतीदर्शक सही, आणि मातीची आम्लता टिकवण्यासाठी प्रत्येक दिवंगतामागे दोन किलो गंधक.

पुढच्या मंगळवारी श्रीमती प्राउस मांडीवर बिस्किटांचा डबा घेऊन ताटव्याशी बसल्या होत्या.

“गंधक आणलंत का, बाई?” टकवेलनी विचारले.

“माझा हॅरल्ड चाळीस वर्षं चर्चमध्ये वर्गणी गोळा करायचा. गंधक नरकात असतं, टकवेल. त्याचा वास अंगाला घेऊन वर गेला तर दारात कोण उभं करेल?”

“पण त्यांना निळा रंग आवडायचा ना?”

“गुलाबी दिसलं तरी जेवायचा नाही.”

“मग बघा. गंधकाशिवाय टाकलंत, तर तेच याला गुलाबी करणार.”

“जे आवडायचं त्याचीच वाट लावायचा मेला. जन्मभर,” त्या म्हणाल्या, आणि डबा उघडला.

दाखल्याच्या वार्षिक तपासणीच्या दिवशी ताटव्यात एकही निळी पाकळी उरली नव्हती. टकवेलनी किटली आणि दोन कुंड्या आधीच खोक्यात भरल्या होत्या. निरीक्षक ब्लेन्किनसॉप यांनी चष्मा पुसला, ताटवा न्याहाळला आणि आवाज खाली आणून विचारले, “त्या कोपऱ्यात कोणी आहे का?”

“एक ब्रिगेडियर आहेत. पण माणूस शांत.”

“आई गाडीत आहे,” निरीक्षक म्हणाले. “बरणीत.”

टकवेलनी खुरपे पुढे केले. परत आल्यावर निरीक्षकांनी गुडघे झटकले आणि अहवालात लिहिले, ‘रंग : निळा.’

मी मातीचा अहवाल काढला.

“राहू द्या की, डॉक्टर,” खोके रिकामे करता करता टकवेल म्हणाले. “माती काय, पुढच्या वर्षीही तपासता येईल.”

आता तेथे पितळी पाटी आहे : ‘ऐतिहासिक निळा ताटवा. प्रमाणित.’ अभ्यागत आधी पाटी वाचतात, मग फुले पाहतात. ऑगस्टमध्ये आपणही सहकुटुंब येऊन गेलात. आपण काढलेले छायाचित्र स्वच्छ गुलाबी आहे. त्याखाली आपण ‘डोळे निवले, काय ही निळाई’ असे लिहिले आहे, आणि आपल्या एकशे बारा परिचितांनी त्यास दुजोरा दिला आहे.