आमचं तिघांचं कुटुंब

फुकटात काही असेल आणि करी रोडचा गुणाजी तिथे पोचला नाही, असं होणे नाही! परवा म्युझियममध्ये 'आपलं घर, आपली बोली' असा फुकट कार्यक्रम होता. अट एकच, सहकुटुंब या. माझी शांता जाऊन चार वर्षं झाली, मुलगा वैभव कॅनडात. टॉवरच्या सतराव्या मजल्यावर मालवणी बोलणारा मी एकटाच. मला कुणाशी तरी दोन शब्द बोलायचे होते, बस्स!

दारातल्या टेबलावर श्रेया नावाची मुलगी होती. "काका, किती जण?"

"तीन!" मी ठोकून दिलं. "दोघं मागून येतायत."

तिने तिघांची नावं लिहून घेतली.

आत गिरणी कामगाराची खोली मांडली होती. खाट, पितळेची कळशी, सगळं आमच्या जुन्या खोलीसारखं. पुढे दोरी बांधलेली, पण आपल्या खोलीत शिरताना माणूस दोरी बघतो का? मी चपला काढल्या आणि खाटेवर टेकलो.

तेवढ्यात एक कुटुंब आलं. त्यांना वाटलं, मलाही तिथे मांडलंय! "उर्वी, आजोबांना विचार ना काहीतरी," आई म्हणाली.

माझं तोंड सुटलं. "इलास? बसा! खंयसून इलास?"

दहा मिनिटांत तीस माणसं जमली. पोरं खिदळत होती, मोबाईल वर झाले होते. चार वर्षांत मी एवढा बोललो नव्हतो! आता घरी आलेल्याला पाणी नको द्यायला? उचलली कळशी, कूलरवर भरून आणली. बुडाला भोक! ओघळ निघाला तो थेट जमिनीवर पोरांनी रंगवलेल्या वंशवेलींवर. कुणाचा मामा कुणाच्या आजीत मिसळला, काही पत्ता लागेना!

वॉचमन रामदास धावत आला. "ओ काका, हात नाय लावायचा! तुमच्यासोबत कोण आहे?"

मघाची तीस माणसं केव्हाच पांगली होती. "येतायत मागून," मी पुटपुटलो.

श्रेयाने कागद बघितला. "थांबा हां काका, मी बोलावते त्यांना." आणि माईकवर सुरू झाली, "शांताबाई आणि वैभव, गुणाजीकाका तुमची वाट बघतायत. लवकर या!"

खरं सांगून टाकायला हवं होतं. तिने तीनदा पुकारलं.

तुम्ही हसाल, पण तिसऱ्या वेळी मीसुद्धा मान वळवून दाराकडे बघितलं.