पडवीच्या फिरत्या खुंट्या

स्वतःबद्दल स्वतःच चांगलं बोलणं शोभत नाही हे मला कळतं, पण दुसरं कुणी बोलत नसल्यामुळे नाइलाज आहे. मी गुप्तहेर आहे. नजर घारीची, कान सशाचे, आणि बुद्धी... तिला अजून जोड सापडलेली नाही. माणसाचे हात पाहून मी त्याचा धंदा ओळखतो. एकदा बसस्टॉपवर एका गृहस्थांना मी बेधडक म्हटलं, ‘‘आपण सर्जन.’’ ते खाटीक निघाले. म्हणजे हत्यारापर्यंत मी अचूक पोहोचलो होतो.

थोर गुप्तहेराला सहायक लागतो. माझे सहायक म्हणजे माझे बाबा. ते निवृत्त आहेत, मोकळे आहेत, आणि मी एखादा सिद्धांत मांडला की ‘असेल रे, असेल’ म्हणून पेपरचं पान उलटतात. इतका शांत सहायक पगार देऊनही मिळायचा नाही.

तर प्रकरण असं. माझी वहिनी जुने सोफे आणि खुर्च्या नव्याने मढवून देते. काम झकास, पण जागा नाही, त्यामुळे सगळा पसारा दिवाणखान्यात. आमच्याकडे पाहुणा आला की त्याला बसवायच्या आधी खुर्ची कोणाची आहे ते बघावं लागतं. गेल्या महिन्यात आई निवांत पाय पसरून बसली होती, तेवढ्यात गिऱ्हाईक येऊन खुर्ची घेऊन गेलं.

अशात एका दातांच्या डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यातल्या झाडून सगळ्या खुर्च्या वहिनीकडे द्यायचं कबूल केलं. अट एकच, खुर्च्या ठेवायला छपराखालची कोरडी जागा हवी. वहिनीला एवढं मोठं काम आजवर मिळालं नव्हतं. म्हणून ठरलं, की अंगणातल्या पत्र्याच्या गॅरेजला लागून पडवी काढायची. गॅरेजची एक भिंत आयतीच आहे, बाहेरच्या अंगाला खांब रोवायचे आणि वर एका बाजूला उतरते पत्रे टाकायचे. वेल्डरने बजावलं होतं, ‘‘शनिवारपर्यंत बाजू ठरवा. नाहीतर मी गोदामाच्या कामावर चाललो. मग थेट पावसाळ्यानंतर.’’ आणि डॉक्टर काही पावसाळ्यानंतरपर्यंत पेशंटांना उभं ठेवणार नव्हते.

गॅरेजचं तोंड घराकडे आहे आणि पाठ रस्त्याकडे. डावीकडे आईची कपडे वाळत घालायची दोरी. उजवीकडे कोवळ्या उन्हात बाबा पेपर वाचत बसतात. पाठीमागे कुंपणापर्यंतची रुंद पट्टी, तिथे जुने टायर पडलेले. जेवताना दादाने विचारलं, ‘‘पडवी कुठल्या बाजूला काढायची?’’

‘‘तुम्हाला बरी वाटेल तिथे,’’ वहिनी म्हणाली.

‘‘माझं काय, तुमचं ठरू दे,’’ आई म्हणाली.

‘‘मला कुठेही चालेल,’’ बाबा म्हणाले.

आमच्या घरात असंच बोलतात. बशीत शेवटचं बिस्किट उरलं तर ते मऊ पडून वाकेपर्यंत कुणी हात लावत नाही. शेवटी दादाने आपल्या मनाने उजवीकडे खुंट्या ठोकल्या आणि दोरा ताणून पडवीची जागा आखून ठेवली.

दुसऱ्या दिवशी खुंट्या डावीकडे होत्या.

दादाला वाटलं आपलाच घोटाळा झाला असेल. मला तसं वाटलं नाही. संध्याकाळी खुंट्या परत उजवीकडे आल्या. त्यानंतर पुन्हा डावीकडे, तेही निम्मीच जागा आखून! मी बाबांना बाजूला घेतलं.

‘‘बाबा, आपल्या अंगणात गुन्हेगार वावरतोय.’’

‘‘असेल रे, असेल,’’ बाबा म्हणाले. पण पान उलटताना त्यांचा हात जरासा थबकला. भीती असते माणसाला.

माझा पहिला सिद्धांत भुयाराचा होता. कुणीतरी जमिनीत पोकळ जागा शोधतंय. मी खुंटीच्या भोकात काठी घालून पाहिली. मुंग्या निघाल्या, आणि चावल्या. दुसरा संशय शेजारच्या काकांवर होता, कारण ते रोज कुंपणावरून डोकावतात. मी त्यांना गाठून एकच भेदक प्रश्न टाकला, ‘‘काका, मंगळवारी दुपारी आपण कुठे होतात?’’ काका म्हणाले, ‘‘तुझ्याच घरी. तुझ्या वडिलांबरोबर चहा पीत. तूच बशी आणून दिलीस.’’ माणूस पोचलेला होता. मी त्याला तूर्त सोडून दिलं.

मग संशयाची सुई वेल्डरकडे वळली. खुंट्या जितक्या फिरतील तितकं लोखंड जास्त! मी त्याच्या दुकानात शिरून, हाताला लागेल त्याने वेशांतर केलं आणि कोपऱ्यात उभा राहून पाळत ठेवली. बराच वेळ इकडेतिकडे शोधून झाल्यावर तो माझ्यासमोर येऊन म्हणाला, ‘‘साहेब, काम खोळंबलंय. डोळ्यांवरचा तो माझा वेल्डिंगचा चष्मा तेवढा द्या.’’

आता एकच मार्ग उरला, प्रत्यक्ष पहारा. अंगणात वहिनीने एक सोफा उघडा करून ठेवला होता. नुसता लाकडी सांगाडा आणि फोम, पाठ अजून मोकळी. मी मागच्या बाजूने आत शिरलो. फोम अतिशय उत्तम प्रतीचा असल्यामुळे माझा डोळा लागला. ठकाठक आवाजाने जाग आली तेव्हा वहिनी माझ्या पाठीमागे कापड ठोकून मोकळी झाली होती.

पण खरा गुप्तहेर संकटातही निरीक्षण सोडत नाही. खालच्या फटीतून मला अंगण दिसत होतं, घोट्यापर्यंतचं. आधी आईच्या चपला आल्या. खुंटी उपटल्याचा आवाज झाला. मग त्या गेल्या. थोड्या वेळाने बाबांच्या चपला आल्या, खाटखूट झाली, गेल्या. मग दादाचे सँडल. माझ्या लगेच लक्षात आलं. गुन्हेगार किती नीच असावा! आमच्याच घरातल्या चपला चोरून, त्या घालून, निरपराध माणसांवर आळ आणण्याचा डाव!

इतक्यात सोफा हवेत उचलला गेला. एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला बाबा.

‘‘जड झालाय हो हा,’’ दादा म्हणाला.

‘‘हल्ली फोमच तसा येतो,’’ बाबा म्हणाले.

ते मला गिऱ्हाइकाकडे धाडायला टेम्पोत चढवणार, एवढ्यात मी आतून हळूच खोकलो. दादाने सोफा सोडला. बाबांनी धरून ठेवला होता, त्यामुळे मी तिरका पडलो. वहिनीने कापड टराटरा उसवून मला बाहेर काढलं आणि नुसतं म्हणाली, ‘‘भावोजी, हे कापड मापून आणलेलं असतं हो.’’ तिचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, माझ्या काळजीने.

शनिवारी वेल्डर आला. अंगणात खुंट्या कुठेच नव्हत्या. मी हादरलो, आणि मग आठवलं की पुरावा म्हणून त्या मीच जप्त करून कपाटात ठेवल्या होत्या. वेल्डरने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि हातातली टेप सर्रकन आत सोडून दिली. ‘‘ठरलेलं दिसत नाही. मी निघतो.’’

‘‘थांबा!’’ मी गरजलो. ‘‘कुणीही जागचं हलणार नाही. गुन्हेगार अत्यंत धूर्त आहे. तो आपल्या चपला चोरतो आणि काम झालं की जागच्या जागी आणून ठेवतो. त्याच्या पायाचं माप आईच्या पायाएवढं, बाबांच्या पायाएवढं आणि दादाच्या पायाएवढं आहे. म्हणजेच त्याचे पाय लहानमोठे होतात!’’

वेल्डरने तोंडावर रुमाल धरला. वहिनी मात्र ताडकन पुढे आली. तिच्या हातात खिळे ठोकायची हातोडी होती.

‘‘खुंट्या कुणी हलवल्या? हात वर करा.’’

आणि तिने स्वतःचाच हात वर केला. मग आईचा वर गेला. मग दादाचा. सगळ्यात शेवटी, पेपरासकट, माझ्या सहायकाचा.

‘‘उजवीकडे बाबांची उन्हाची जागा जात होती,’’ वहिनी म्हणाली. ‘‘म्हणून मी डावीकडे नेल्या.’’

‘‘डावीकडे हिची कपड्यांची दोरी,’’ बाबा म्हणाले. ‘‘म्हणून मी उजवीकडे.’’

‘‘अहो, पण मग तुम्ही बसणार कुठे?’’ आई म्हणाली. ‘‘म्हणून मी पुन्हा डावीकडे केल्या. दोरीपुरती जागा सोडून, लहान.’’

‘‘त्या लहान जागेत हिचा सोफा मावेना,’’ दादा म्हणाला. ‘‘म्हणून मी...’’

‘‘बाबा!’’ मी ओरडलो. ‘‘तुम्ही माझे सहायक! मला सांगितलं का नाहीत?’’

‘‘तू विचारलंस कधी? तू तर सांगतच होतास.’’

वेल्डरने हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. ‘‘ते सगळं खरं, पण पडवी कुठे? ताई, काम तुमचं आहे ना? तुम्हाला कुठे हवी?’’

वहिनीचं तोंड सवयीने उघडलं. ‘तुम्हाला बरी वाटेल तिथे’ यातला ‘तु’ बाहेर आलासुद्धा. तेवढ्यावर ती थांबली, आणि तिने बोट दाखवलं. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. थेट पाठीमागे, रस्त्याच्या अंगाला, टायर पडले होते तिथे.

‘‘तिकडे? रस्त्यावरून सगळ्यांना दिसेल की,’’ दादा म्हणाला.

‘‘दिसू देच. इतकी वर्षं दिवाणखान्यात दार लावून ठोकाठोकी करतेय, चोरीचा माल असल्यासारखी. मला पाटी लावायचीय. येणाऱ्या-जाणाऱ्याने बघावं, की इथे एक बाई सोफे मढवते आणि चांगले मढवते.’’ बोलताना तिचा आवाज कापत होता, पण हातोडी स्थिर होती. ‘‘मला पहिल्या दिवसापासून तिथेच हवी होती.’’

आईने तिच्या पाठीवर हात ठेवला. बाबांनी पेपर मिटला. मला काय झालं कोण जाणे, पण एवढा मोठा गुन्हा उकलूनही मी शाबासकी मागायला विसरलो.

‘‘पाठीमागे तर मग,’’ वेल्डर कामाला लागला. ‘‘उतार रस्त्याकडे देऊ, कडेला पन्हळ लावू. पत्र्याचा रंग कुठला?’’

‘‘तुम्हाला आवडेल...’’ आई, बाबा आणि दादा एका सुरात म्हणाले.

‘‘पिवळा,’’ वहिनी म्हणाली.

मला पिवळा रंग मुळीच आवडत नाही. पण माझ्याकडे पाहून तिने हातोडी नुसती या हातातून त्या हातात घेतली, आणि मी धावत जाऊन कपाटातून खुंट्या घेऊन आलो.