गेनूभाऊंचं दाढीचं मशीन

गेनूभाऊंच्या हातात दाढीचं मशीन दिलं की ते आधी कानाला लावतात. जुन्या पद्धतीचं, दांडा पिळून ब्लेड बसवायचं मशीन. त्यावर नखाने टिचकी मारायची, डोळे मिटून ऐकायचं आणि निकाल द्यायचा. खणखणलं तर पितळ, बद्द वाजलं तर जस्त. ॲल्युमिनियमला ते, आमच्या आळे गावात सगळेच म्हणतात तसं, जर्मन म्हणतात आणि हातसुद्धा लावत नाहीत.

भाऊ माझे शेजारी. फाट्यावर त्यांचं पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान. एकोणीसशे नव्वदनंतर वापरून फेकायची प्लास्टिकची मशीनं आली, लोकांनी घरातली जुनी भंगारात काढली आणि भाऊ ती गोळा करत सुटले. बेल्ह्याच्या बाजारात लोक बैलाचे दात बघायचे, तेव्हा भाऊ भंगारवाल्याच्या पोत्यात डोकं घालून बसलेले असायचे. माणसांचीही त्यांनी पितळ आणि जस्त अशीच वाटणी केली होती.

"वरचं निकल समद्यांचंच चमकतं, राव. आत काय हाय त्ये बगा."

भाऊंच्या पुतणीसाठी मढला स्थळ बघायला गेलो, तर पोहे यायच्या आत भाऊंनी मुलाच्या वडिलांकडे दाढीचं मशीन मागितलं. त्या बिचाऱ्यांनी ते आणूनही दिलं. पितळ निघालं म्हणूनच लग्न जमलं, असं भाऊ आजही सांगतात. मुलाच्या नोकरीचं बाकीच्यांनी विचारून घेतलं.

मला एक कळत नव्हतं. कपाटात पितळेची इतकी मशीनं, आणि भाऊंच्या हनुवटीवर मात्र रोज कापल्याजागी चिकटवलेला पेपरचा कपटा. एकदा दसऱ्याच्या तोंडावर सकाळीच त्यांच्या ओट्यावर गेलो, तर दाढी चालली होती. हातातलं मशीन काळपट, खड्डे पडलेलं, दांड्याला मोटारीची तांब्याची तार गुंडाळलेली. मी घेतलं आणि त्यांच्यासारखीच टिचकी मारली. बद्द.

"भाऊ, हे तर जस्त!"

त्यांनी घाईने आत बघितलं आणि मला हळू बोलायची खूण केली. मग दबक्या आवाजात सांगितलं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी वहिनींनी खुरपणीला जाऊन साठवलेल्या पैशांतून ते बेल्ह्यातून त्यांच्यासाठी आणलं होतं. पितळच आहे ना, असं विचारलं. भाऊंना कळलं होतं, तरी ते म्हणाले, अस्सल पितळ. तेव्हापासून दर दसऱ्याला घरातल्या भांड्यांबरोबर वहिनी ते चिंच लावून घासतात. चिंचेनं पितळ उजळतं, जस्त मात्र झिजतं. वहिनी आतलं पिवळं दिसायची वाट बघतात आणि भाऊ त्यांना सांगतात, निकल लई जाड बसलंय.

"ह्याच घाटाचं पितळंचं हुडकतोय, राव. गावलं की गुपचूप बदलीन. न्हाईतर ह्ये एक दिस तिच्याच हातात तुटंल."

म्हणजे बाजारातली ती सगळी पोती यासाठी उपसली होती. मला हसू आलं आणि भाऊंबद्दल फार माया वाटली.

तेवढ्यात आतून हाक आली, "आवं, मशीन द्या. चिंच भिजलीये."

भाऊंनी तोंड पुसलं आणि मशीन नेऊन दिलं. बऱ्याच वेळाने वहिनी ते पदराने पुसत बाहेर आल्या. हिरमुसल्या होत्या.

"औंदाबी पिवळं न्हाई झालं."

"व्हईल की. अस्सल पितळ हाय, त्याला येळ लागतो."

भाऊंनी मशीन हातात घेतलं, कौतुकाने उलटंपालटं करून पाहिलं, आणि टिचकी न मारताच खिशात ठेवलं.