कॅमेरा एकदाचा घेतला

"आज नाही घेतलात, तर पुढच्या वेळी एकट्याने जायचं," जिना चढता चढता दंतवैद्याच्या बायकोने नवऱ्याला बजावलं. गेल्या रविवारीही तिने हेच बजावलं होतं. आज तिचे गुडघेही कुरकुरत होते.

डॉक्टरांना जुना मीडियम फॉरमॅट कॅमेरा हवा होता. रुंद फिल्मचा, विटेएवढा जड, वरून डोकावून बघायचा. आता आठवडाभर लोकांच्या दातांतली कीड शोधणारा माणूस रविवारी लेन्स हातात आली की दुसरं काय करणार? दवाखान्यातला इवलासा आरसा आणि टॉर्च काढून तो आत डोकावायचा आणि मान हलवून म्हणायचा, "बुरशी आहे." दोन वर्षं तिचे रविवार असे परक्या सोफ्यांवर गेले होते. तिला त्या कॅमेऱ्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिला फक्त आपला रविवार परत हवा होता, दार लावून दुपारभर आडवं पडता येईल असा.

"या, या! केव्हाची वाट बघतेय," दार उघडणाऱ्या बाई म्हणाल्या. आत त्यांचे यजमान कॅमेरा मांडीवर घेऊन बसले होते. स्टुडिओ बंद करून घरी बसलेले फोटोग्राफर.

"विकायचाय ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"हिला विकायचाय. तुम्ही घेऊ नका. शटर अडकतं."

डॉक्टर थबकले. आजवर एकाही विकणाऱ्याने आपणहून दोष सांगितला नव्हता.

"आणि लेन्स?"

"तीन आहेत, तिन्हींत बुरशी. नुसतं रान माजलंय."

डॉक्टरांनी आरसा काढला. पहिली लेन्स पाहिली, दुसरी पाहिली, तिसरी दोनदा पाहिली. "अहो, कुठाय बुरशी? एकदम स्वच्छ!"

"नीट बघा. असेल."

"नाहीये हो!"

"मग पावसाळ्यात धरेल," फोटोग्राफर हट्टाने म्हणाले. "आणि शटरचं काय? हे बघा, कसं अडकतंय." त्यांनी बटण दाबलं. खट्! पुन्हा दाबलं. खट्! फितूर माणसाकडे बघावं तसं त्यांनी कॅमेऱ्याकडे बघितलं.

"काल तर म्हणत होतात, असा कॅमेरा शोधून सापडायचा नाही," त्यांची बायको आतून चहा आणत म्हणाली.

फोटोग्राफरांनी हात टेकले. "बरं बाबा, उत्तम आहे. कसलाही दोष नाही."

झालं! इथेच घोळ झाला. "उत्तम?" डॉक्टरांचे डोळे बारीक झाले. "मग विकताय कशाला?" आणि त्यांनी खिशातला टॉर्च परत काढला.

हाही रविवार गेला, आणि पुढचेही गेले. डॉक्टरांच्या बायकोने त्या बाईंकडे पाहिलं, बाईंनी तिच्याकडे. एकीने पिशवी आणली, दुसरीने मांडीवरून कॅमेरा उचलला, लेन्स टॉवेलात गुंडाळल्या. डॉक्टरांनी टॉर्च विझवण्याआधी पैसेसुद्धा देऊन झाले होते.

"सांभाळाल ना हो त्याला?" फोटोग्राफर दारापर्यंत आले. रिकाम्या हातांचं काय करावं, ते त्यांना सुचत नव्हतं.

तिला भडभडून आलं. खरंच आलं. "असं काय म्हणता? वाटेल तेव्हा येऊन बघत जा. घर तुमचंच आहे!" ती म्हणून गेली.

पुढच्या रविवारी जेवण झालं, दार लावलं, उशीवर डोकं टेकलं आणि बेल वाजली.

"बघायला आलो," फोटोग्राफर म्हणाले.

दोघा पुरुषांनी गॅलरीत बैठक मारली. लेन्स पुसणं झालं, फिल्म भरणं झालं, उजेड कुठून येतो यावर वाद झाला. "वहिनी, जरा इथे उभ्या राहता का? डावीकडे. नाही, उजवीकडे. हलू नका हं!" त्याच्या पुढच्या रविवारी तेच. आणि त्याच्याही पुढच्या. शिवाय आता फोटोग्राफर म्हणायला लागले होते, "डॉक्टर, याला एक जोडीदार बघायला हवा."

तिसऱ्या चहाचं आधण ठेवता ठेवता तिने शेवटी त्यांच्या घरी फोन लावला. बराच वेळ कुणी उचलला नाही.

"वहिनी, हे इथे आलेत. म्हटलं, तुम्ही वाट बघत असाल."

"छे हो!" पलीकडून जांभई ऐकू आली. "रात्री जेवूनच पाठवा. अहो, नुसता कॅमेरा विकून काय होणार होतं? हे रिटायर झाल्यापासून आत्ता कुठे दुपारचा डोळा लागायला लागलाय."